दुकानात धरलेली चूल

लाल बत्तीची गाडी रस्त्यानं निघाली का लोक थांबून आत कोण बसलं ते पाहत. दादाजीबी थांबत, पण आत नाही पाहत. ते गाडीच पाहत, टायरापासून टपापर्यंत, अन् हात हालवून म्हणत, "जाऊ दे बापा, जाऊ दे. आपलीच आहे." नवा लाइटचा खंबा लागला का त्याच्यावर छडीनं ठोकत. "आला का गा तू? माह्याच चक्कीतून निघाला." माही पोरगी लाजून पुढं पळून जाये. तिले वाटे का या बुढ्याच्या डोक्यात काही तरी हाललं आहे. मलेबी पहिल्यांदा तसंच वाटलं होतं.

चक्की म्हणजे पिठाची चक्की. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एका गल्लीत पुढं त्याइची चक्की, मधात त्याइची खोली, अन् मांगं न्हाणीजवळ एक लहान खोली. त्या मांगच्या खोलीत भाड्यानं मी अन् माही पोरगी. बायको मरून गेली होती त्याइची, लेकरू नव्हतं. त्याइचे बाप नागपूरकडून रेल्वेच्या नोकरीले आले होते, ते इथंच राहून गेले. सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, त्याइले दादाजीच म्हणे, मीबी तेच म्हणे.

माहा नवरा गुढियारीले मालधक्क्यावर हमाल होता. एक दिवस पोतं उचलता उचलता छातीत दुखलं म्हणे. पोत्यावरच बसला, अन् बसल्या जागी गेला. महिना नाही झाला तर खोलीवाल्यानं कुलूप लावलं. माहे भांडे आत, चूल आत, पोरीचं दप्तर आत. मी अन् पोरगी बाहेर ओट्यावर, तीन दिवस. मी रडली नाही. रडून कुलूप उघडत नाही. पण तवापासून कोणाच्या हातात कुलूप दिसलं का माहे पाय गार पडतात. आजबी पडतात.

कोणी तरी सांगतलं का तात्यापाऱ्यात एक मराठी माणूस आहे, चक्कीवाला, विचित्र आहे पण वाईट नाही. मी गेली. म्हटलं, "दादाजी, काम द्या."

म्हणे, "मी कोण देणारा? तुले काय येते ते सांग."

"गहू निसता येते, खडे-कचरा काढता येते."

"मंग बस इथं ओट्यावर. लोक दळण घेऊन येते, ज्याले निसून पाहिजे तो तुले देईन. भाव तू ठरव."

मी काय ठरवणार? जन्मभर भाव दुसऱ्यानंच ठरवला. मी अगदी कमी सांगतला. आठ दिवसांत माह्यापुढं डब्याइची रांग लागली, बोटं सोलून निघाले, अन् पोट काही भरे ना. तवा म्हणे, "काहून व बाई, ही रांग कोणाची?"

"माही."

"मंग भाव वाढव ना."

"वाढवला अन् कोणी नाही आलं तर?"

"तर उतरव. लोक सांगतेच. ज्याले महाग वाटन तो घरी निसन. तो काय तुह्यावर केस करणार आहे?"

मी वाढवला. थोड्या बायका गेल्या, बाकीच्या राहिल्या. मले पहिल्यांदा समजलं का माह्या हाताले भाव आहे, अन् तो मी माह्या तोंडानं सांगू शकते. हे मले ना बापानं सांगतलं, ना नवऱ्यानं.

दळताना थोडं पीठ उडते, थोडं दगडात राहते. सगळे चक्कीवाले त्या नावावर डब्यातून मूठभर काढून ठेवत. दादाजीबी काढत, पण ठेवत नाही. मूठ गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरत अन् म्हणत, "हे चक्कीचं नाही, हे सरकारचं. वीज जळली त्याच्यावर टॅक्स, चक्कीच्या लायसनचा टॅक्स, घराचा टॅक्स. तुमच्या पोळीतून यवढं गेलं." अन् मूठ परत डब्यात. टॅक्स वाढला का मूठ मोठी होये. सदर बाजारची एक शेठाणी होती, ती म्हणे, "दादाजी, भाषण बाद में देना, पहले आटा दे दो, घर में मेहमान बैठे हैं."

"मेहमानों को भी बताना, बहनजी."

"वो बिजली ऑफिस वाले ही हैं," ती म्हणे. सगळी चक्की हासली. दादाजीबी हासले. हासत तवा त्याइच्या भुवयावरचं पीठ गळे.

राज्य नवं झालं अन् आमचं रायपूर राजधानी झालं, तवा गल्लीत पेढे वाटले. दादाजीनं पेढा खाल्ला अन् म्हणे, "गोड आहे. आता याचं बिल येईन." लोक म्हणाले, बुढ्याच्या तोंडून कधी चांगलं निघतच नाही. मंग बंगले झाले. बंगल्याइले भिंती झाल्या, भिंतीइले लाइट झाले. चौकात फवारा झाला. उद्घाटनाच्या दिवशी लाल-हिरवं पाणी उडालं, आम्ही सगळे पाहाले गेलो, पोरगी तर नाचलीच. काही दिवसानं फवारा बंद पडला. तो तोडून तिथं दगडाचे हरिण बसवले. हरिण हटवून टाइल्स लावल्या. टाइल्स चांगल्या होत्या तरी काढून दुसऱ्या लावल्या. दादाजी दुपारचा डबा घेऊन तिथं जात अन् मजुराइजवळ बसून जेवत, जसं कोणी आपल्या घरचं काम पाहते तसं. एक तुटकी टाइल मागून आणत अन् चक्कीत खाली लावत. "ही आपलीच आहे व. दोनदा पैसे देले आपण हिचे. एकदा बसवाचे, एकदा तोडाचे."

मी म्हटलं, "दादाजी, मजुराइले तर काम भेटलं ना?"

मी उलटून बोलली का त्याइले बरं वाटे. म्हणे, "भेटलं. पण हेच पैसे टेलरच्या खिशात राहिले असते तर त्यानं दुसरी मशीन घेतली असती, अन् त्या मशीनवर कोणी बसलं असतं. तो माणूस तुले दिसून नाही राहिला, कावून का तो बसलाच नाही. हा टाइल तोडणारा दिसून राहिला. बस, यवढाच फरक."

टेलर म्हणजे आमच्या समोरचा टेलर भैया. त्याले खरंच दुसरी मशीन घ्याची होती. कधीच नाही झाली.

दादाजीचा भाचा नागपुराहून इथं मोठ्या ऑफिसात लागला, इंजिनिअर. एका इतवारी ऑफिसच्या गाडीत मामाले भेटाले आला. दादाजी ओट्यावरूनच म्हणे, "ही कोणाची?"

"ऑफिसची आहे, मामा."

"ऑफिस आज बंद आहे ना?"

"हो."

"मंग ही काहून चालू आहे?"

पोरगं बिचारं लाल झालं. गाडी वापस पाठवली, तवा घरात घेतलं. मी पोहे केले. पोहे खाता खाता तो म्हणाला, "मामा, टॅक्स नाही घेतला तर रस्ते कुठून होणार? दवाखाने कुठून?"

"रस्त्याचे मी देतो," दादाजी म्हणे. "दवाखान्याचे देतो. पोलिसाचे देतो. चौकीदार ठेवला तर पगार द्या लागते, मले समजते. पण चौकीदारानं माह्याच ताटात जेवाले बसू नये, अन् वरून भाजी अळणी आहे म्हणू नये."

"जग असं नाही चालत, मामा."

"माहीत आहे. म्हणून तर बोलून राहिलो."

जाताना भाच्याच्या हातात रिक्षाचं भाडं देलं. तो नाही म्हणत होता. दादाजी म्हणे, "घे. हे माह्या खिशातलं आहे, गल्लीच्या नाही."

मी काही त्याइचं सगळं मानत नव्हती. सरकारचा स्वस्त तांदूळ निघाला तवा मी कार्ड घेऊन रांगेत उभी राहिली. भूक काय असते ते मले कोणी शिकवाची गरज नाही. बेवा पेन्शनचा, विधवेले भेटते त्या पैशाचा, फॉर्म आणला तवा भीत भीत त्याइच्यापुढं ठेवला, कावून का मले लिहिता येत नाही. वाटलं, आता चिडते. ते चष्मा लावून बसले अन् सगळा फॉर्म भरून देला. म्हणे, "घे, अंगठा लाव. तू साबण घेतं, चहापत्ती घेतं, तेल घेतं. त्याच्यावर तुह्याकडून घेतलं तेच तुले देऊन राहिले. फाटक्या पोत्यातून गहू आणाचे तसं आहे. वाटेतच सांडते, घरी पोचते ते दोन पायल्या. पण तुहेच आहे, लाजू नको."

समोरच नवी चक्की लागली, मोठ्या मोटारची. मले वाटलं आता भांडण होते. दादाजी नारळ घेऊन उद्घाटनाले गेले. दुसऱ्या महिन्यात शहरातले चक्कीवाले अर्जी घेऊन आले का सरकारनं दळणाचा भाव बांधून द्यावा अन् नव्या चक्कीले लायसन देऊ नये. दादाजीनं सही नाही केली. एक जण म्हणे, "दादाजी, आपके ही भले के लिए है."

"मेरा भला मेरा पत्थर करेगा," दादाजी म्हणे. "वो खराब पीसे तो लोग सामने जाएँ. सरकार से बोलके उनका रास्ता बंद करूँ क्या?"

तवापासून चक्कीवालेबी त्याइले येडेच म्हणत. माणूस सगळ्या बाजूनं येकटा पडला होता, पण त्याइले ते जाणवत होतं का नाही, मले कधी समजलं नाही. संध्याकाळी चक्की बंद केली का ते दगडाले हात लावून बसत. दगड गरम राहते जरा वेळ. तेवढा वेळ बसत.

आता ते सांगते ज्याच्यासाठी सांगाले बसली.

टॅक्सवाले फीता घेऊन गल्लीत आले. नवा हिशेब होता. ज्या घरात पुढं दुकान आहे, ते अख्खं घर दुकान धरलं. आमच्या गल्लीत सगळ्याइचंच तसं, पुढं टेलर, पुढं पानवाला, पुढं किराणा, अन् मांगं राहाचं घर. त्याइनं चक्की मोजली, दादाजीची खोली मोजली, मंग माह्या खोलीत आले. मी भाकर टाकून राहिली होती. फीत्याचं एक टोक माह्या चुलीजवळ ठेवलं.

दादाजी दारात उभे. म्हणे, "ये रसोई है. ये बाई यहाँ रहती है."

"दादाजी, कागज में एक ही मकान है. चक्की है तो चक्की."

"ये चूल्हा दुकान है? इस पे क्या बिकता है? भाकर बिकती है? खरीदोगे एक?"

तो मोजणारा पोट्टा हासला, पण लिहिलं ते लिहिलंच.

माह्या चुलीवर दुकानाचा टॅक्स लागला, या गोष्टीनं दादाजी जेवढे तापले तेवढे मी त्याइले कधी पाहिलं नाही. त्याइनं अर्जी लिहिली. घरोघरी फिरून समजावलं: जुना टॅक्स भरू, वाढलेला नाही भरू, सुनवाई होऊ द्या. सगळ्या गल्लीनं सह्या केल्या. सगळ्यात वर दादाजीचं नाव, अर्ज त्याइच्याच नावावर. टेलर भैयानं सही करताना म्हटलं, "दादाजी, बीच में छोड़ोगे तो नहीं?"

"मैं सबसे आखिर में भरूँगा," दादाजी म्हणे. "पहले तुम सब भरोगे, फिर मैं मरूँगा, फिर भरूँगा."

गल्ली खूप हासली. गल्लीत येवढी एकी मी पहिल्यांदा पाहून राहिली होती. जे लोक दादाजीले येडं म्हणत, तेच संध्याकाळी ओट्यावर येऊन बसत, चहा मागवत. दादाजीचं तोंड उजळून गेलं होतं. जन्मभर येकटे बोलले, अन् आता कोणी तरी ऐकून राहिलं होतं. ऑफिसात जुना टॅक्स भराले गेले तर बाबूनं घेतला नाही, पूर्णच भरा म्हणे. दादाजी दर आठवड्याले जाऊन रांगेत उभे राहत अन् वापस येत. "आजबी नाही घेतला," म्हणत, जसं काही जिंकूनच आले.

सुनवाईची तारीख लागली. तिच्या आधीच्या हप्त्यात, एका दुपारी, दादाजी चक्कीचा पट्टा आणाले गुढियारीले गेले होते. मी ओट्यावर गहू निसत होती. दोन माणसं आले. एकाच्या हातात कागद, दुसऱ्याच्या हातात कुलूप.

"मालिक कहाँ है?"

"बाहेर गेले."

"बता देना, तीन दिन में पूरा जमा नहीं हुआ तो सील लगेगी. सामान निकालना हो तो निकाल लो, अम्मा. बाद में नहीं खुलता."

मी विचारलं, "मांगची खोलीबी?"

"मकान तो एक ही है न."

ते गेले. मी सूप खाली ठेवलं. पाय गार पडले ते वर कमरेपर्यंत. पोरगी शाळेतून येईन अन् ओट्यावर बसन, मले तेच दिसत होतं. दादाजीले सांगतलं असतं तर ते म्हणाले असते, लावू दे. त्याइले कुलूप काय असते ते माहीत नव्हतं. त्याइच्या दाराले कधी लागलंच नव्हतं.

मी नाही सांगतलं.

माहं डोरलं होतं, नवऱ्यानं घातलेलं. तो गेल्यावर काढून पोरीच्या लग्नासाठी ठेवलं होतं, फडक्यात बांधून. दुसऱ्या दिवशी ते घेऊन सदर बाजारात गेली अन् मोडलं. सोनारानं दोनदा विचारलं, "पक्का न, माई?" तिथून सरळ टॅक्सच्या ऑफिसात. खिडकीतल्या बाबूले म्हटलं, चक्कीवाल्या दादाजीचा भराचा आहे, पूर्ण. तो खुर्चीतून उठून मले पाहाले लागला. "उन्होंने भेजा?"

मी म्हटलं, "हव."

आयुष्यात मी खोटं कमी बोलली आहे. त्या दिवशी एक शब्द बोलली. बाबू म्हणे, "बहुत अच्छा किया, अम्मा. रोज का झगड़ा खतम." मलेबी तसंच वाटलं. घरी येऊन मी गोड शिरा केला. पोरगी म्हणे, "आज क्या है, आई?" म्हटलं, "काही नाही. खा." दादाजीलेबी वाटीत देला. त्याइनं खाल्ला.

मले काय माहीत का भरणं म्हणजे मानणं असते? मी कधी काही भरलंच नव्हतं. माह्या डोक्यात यवढंच होतं का पैसे देले का कुलूपवाला वापस जाते. सुनवाईत दादाजी बोलतीन, जिंकतीन, अन् जास्तीचे वापस येतीन, मंग मी त्याइले हासत सांगीन.

सुनवाईच्या दिवशी त्याइनं धुतलेलं धोतर नेसलं. कागदाची थैली घेतली. गल्लीनं दुकानं बंद ठेवले होते, चार-पाच जण सोबत निघाले, पण दादाजी म्हणे, "आत येकालेच बोलवते. तुम्ही तुमचं काम करा, दिवस खराब नका करू." येकटेच गेले.

दोन तासानं आले. मी दुरूनच पाहिलं, ते छडी टेकून नव्हते चालत, छडी काखेत होती. गल्लीतले सगळे ओट्याजवळ जमा झाले. टेलर भैया म्हणे, "क्या हुआ, दादाजी?"

दादाजी म्हणे, "खारिज."

"क्यों? क्या बोले साहब?"

"बोले, जिसके नाम से अर्जी है, उसने पूरा भर दिया. जिसने भर दिया उसने मान लिया. अब किस बात की सुनवाई? सब खारिज. सबको भरना पड़ेगा."

मंग पानवाला म्हणे, "किसने भर दिया?"

माह्या हातातलं सूप तिरपं झालं. गहू ओट्यावर सांडले. दादाजीनं त्या आवाजानं माह्याकडं पाहिलं. फक्त येकदा. त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर मी सोसला असता, राग मले सोसता येते. ते असे पाहत होते जसं हिशेब जुळून राहिला अन् जुळू नये असं वाटून राहिलं.

"मैंने," दादाजी म्हणे.

टेलर भैया हासला, ते हासू नव्हतं. "हम सबको लाइन में खड़ा करके आप पीछे से भर आए?"

"हव."

"सील से डर गए?"

"हव. डर गया."

पानवाला थुकला. त्याइच्यावर नाही, बाजूले. पण थुकला. एक एक करून सगळे निघून गेले, अन् दुकानाइचे शटर उघडाचे आवाज येत राहिले, एकामांगं एक.

मी मांगच्या खोलीत गेली. दादाजी आले, दारातच उभे राहिले. म्हणे, "कशातून भरलं?"

मी मोकळं फडकं त्याइच्यापुढं ठेवलं.

"पोरीचं ठेवलं होतं ते?"

"हव."

ते खाली बसले, माह्या उंबऱ्यावर. मी म्हटलं, "मी आत्ता जाऊन सांगते सगळ्याइले. माही चुकी आहे."

"नोको."

"काहून? तुमची बदनामी झाली."

"पाह्य बाई," ते म्हणे. आवाज रोजच्यासारखाच, जसं काही भाव समजावून राहिले. "मले सोडून लोक समोरच्या चक्कीत जातीन. तो त्याइचा हक्क आहे, मीच सांगतलं. माहं काही अडत नाही, म्हातारा माणूस आहो. तुले याच लोकाइचे गहू निसाचे आहे. तुह्याजवळ दुसरी गल्ली नाही. पोरगी याच गल्लीतून शाळेत जाते. तू चूप राहा."

अन् मी चूप राहिली. त्याइनं सांगतलं म्हणून राहिली असं मी म्हणत असते. खरं म्हणजे मले भीती वाटली. चूप राहणं मले सोपं गेलं.

त्यानंतर त्याइनं मांगच्या खोलीचं भाडं कधी घेतलं नाही. मी देलं तर म्हणत, "आलं आहे तुहं भाडं." पोरीच्या लग्नापर्यंत नाही घेतलं.

चक्कीत गिऱ्हाइक कमी झालं. येत ते बाहेरगावचे, नाही तर ज्याइले काही माहीत नाही ते. दादाजी दळत. मूठ काढणं बंद झालं. मी एकदा म्हटलंबी, "दादाजी, दाखवा ना." म्हणे, "कोणत्या तोंडानं?" लाल बत्तीची गाडी निघाली का ते आत जात. टॅक्सचा कागद आला का न वाचता माह्या पोरीजवळ देत. "जा व, भरून ये." पूर्ण भरत. ज्या माणसानं जन्मभर एक एक खंबा मोजला, त्यानं नंतर किती भरलं ते विचारलंसुद्धा नाही.

काही वर्षांनी परत टॅक्स वाढला. किराणावाल्याचा पोरगा आला, नवा नवा दुकानावर बसलेला. "दादाजी, आप अच्छा लिखते थे. एक अर्जी लिख दो."

दादाजी म्हणे, "मेरे नाम की अर्जी अब नहीं चलती, बेटा. तू लिख, मैं देख दूँगा."

त्यानं नाही लिहिली. कोणीच नाही लिहिली. टॅक्स भागे ना म्हणून टेलर भैयानं त्या वर्षी पुढची खोली भाड्यानं देऊन टाकली अन् मांगच्या खोलीत मशीन नेली. त्याचं दुकान कोणाले दिसेना झालं.

दादाजी गेले ते उन्हाळ्यात गेले. चार दिवस ताप होता. मी तिसऱ्या दिवशी पाणी पाजताना म्हटलं, "दादाजी, आता तरी सांगू?" त्याइनं ऐकलं का नाही, माहीत नाही. डोळे उघडे होते.

भाच्यानं तेरवी केली, चांगली केली. गल्लीले जेवण होतं. मी वाढून राहिली होती. पंगतीत टेलर भैया बसला होता, आता त्याचेबी केस पांढरे. त्यानं बाजूच्याले म्हटलं, "आदमी सोना था. बस एक बार फिसल गए." बाजूच्यानं मान हालवली. अख्ख्या पंगतीनं ऐकलं, अन् कोणाले त्यात काही वाईट वाटलं नाही. मेलेल्या माणसाले सगळ्याइनं मिळून माफ करून टाकलं होतं.

मी भाताची बगोनी खाली ठेवली. म्हटलं, "भैया, ते नाही फिसलले. टॅक्स मी भरला होता. त्याइले न विचारता. माहं डोरलं मोडून भरला. त्याइले सुनवाईतच समजलं. मले लोकाइनं बोलू नये म्हणून त्याइनं आपल्यावर घेतलं."

मी वाट पाहत होती का आता कोणी तरी मले शिव्या देईन.

टेलर भैयानं माह्याकडं खूप मायेनं पाहिलं. म्हणे, "अम्मा, हम समझते हैं. उन्होंने आपको छत दी, आप उनके लिए इतना तो बोलोगी ही. अब जाने दो. कोई मन में नहीं रखा."

अन् बाजूचा म्हणे, "अम्मा का दिल बड़ा है."

मी म्हटलं, "खरं सांगून राहिली मी."

"हव, अम्मा, हव," टेलर भैया म्हणे, अन् पान पुढं केलं. "थोड़ा भात."

मी बगोनी उचलली अन् त्याले भात वाढला.